मोठ्याने वाचू नये

(अमरावती येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा लिखित पाठ. बोलण्यातली वळणं तशीच ठेवली आहेत.)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना आम्ही पोरं भाऊ म्हणायचो. पूर्ण नाव माझ्या मागच्या फलकावर आहे. मी ते उच्चारत नाही, कारण भाषणात आपलं नाव आलं की भाऊ चप्पल शोधत बाहेर निघून जात. ते ग्रंथपाल होते. त्यांच्या वाचनालयाच्या दाराशी निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत एक पाटी होती : मोठ्याने वाचू नये. मी त्या पाटीखाली बसून वाचायला शिकलो. नुसते ओठ हलले तरी भाऊ टेबलावर पेन्सिल आपटायचे. ओठ न हलवता वाचायची ती विद्या मला इतकी लाभली की तिच्या जोरावर अकोल्याच्या एका महाविद्यालयात ३४ वर्षं मराठी शिकवलं, पगार घेतला, आता पेन्शन घेतो. आणि आज भाऊंच्याच व्यासपीठावरून मी त्या पाटीच्या विरुद्ध बोलणार आहे.

भाऊ रागावणार नाहीत. कारण पाटीच्या आतले भाऊ एक होते आणि पायरीवरचे दुसरे. दिवेलागणीला जिनिंगचे हमाल वाचनालयाच्या पायऱ्यांवर येऊन टेकायचे. अंगाला सरकीचा वास, डोक्यात कापसाचे पुंजके. भाऊ दिवसभराचा वाचून चुरगळलेला पेपर घेऊन बाहेर यायचे आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. बातम्या संपल्या की एखाद्या मासिकातली गोष्ट. हमाल मध्येच बोलायचे, 'असं काहून केलं त्यानं?' म्हणायचे, आणि भाऊ पुस्तकावर बोट ठेवून थांबायचे. मी आतून हे पाहायचो आणि मनात म्हणायचो, भाऊ किती दयाळू आहेत, बिचाऱ्या अडाणी माणसांना वाचून दाखवतात. वाचक आपण, आत बसलेले. ते बाहेरचे, त्यांच्यासाठी हा धर्मादाय. ही समजूत मी पुढं पन्नासेक वर्षं सांभाळली. ती मोडली कशी, एवढंच आज सांगायचं आहे.

सहा वर्षांपूर्वी मला काचबिंदू निघाला. नळीतून पाहिल्यासारखं दिसू लागलं. ओळ धरली की पुढची ओळ सापडेना, आणि सापडली तर ती आधीचीच निघे. मराठीच्या मास्तराचे डोळे जाणं म्हणजे सुताराचा हात जाणं. घरात दोन भिंतीभर पुस्तकं, आणि मी त्यांच्या कण्यांवरून नुसता हात फिरवून ओळखू लागलो : ही जाड ती अमकी, ही खपली गेलेली ती तमकी. सूनबाईला ते पाहवेना. तिनं माझ्या मोबाइलवर एक अ‍ॅप टाकलं, कानात बोंडं घातली आणि म्हणाली, "बाबा, आता पुस्तकं ऐकायची."

मला अपमान वाटला. ऐकायची ती पोथी. पुस्तक वाचायचं असतं.

तरी ऐकू लागलो. पहिले दोन महिने फार वाईट गेले. एक तर झोप. रात्री पडल्या पडल्या गोष्ट लावायची. नायक गावात शिरेपर्यंत मी घोरायला लागे. मोबाइल इमानानं वाचत राही आणि सकाळी जाग येई तेव्हा नायक मेलेला, त्याची मुलं भांडत असलेली. मग सूनबाईनं अर्ध्या तासात आपोआप बंद होण्याची सोय दाखवली. पंधरा सेकंद मागं जायचं बटण दाखवलं. दीडपट वेगानं ऐकायचंही दाखवलं. ते मात्र मी एकदाच वापरलं. दुःखी माणूस दीडपट वेगानं दुःखी झाला की विनोदी होतो.

दुसरी अडचण आवाजांची. आवाज उत्तम होते. फारच उत्तम होते. प्रत्येक शब्दाला इस्त्री. श्वास कुठं घेतात ते कळत नसे. ते म्हणे नंतर कापून टाकतात. जोडाक्षरं लखलखीत. अशा आवाजात शहरातली कथा शोभते. पण आपल्याकडची एखादी म्हातारी त्या आवाजात बोलू लागली की ती म्हातारी न वाटता म्हातारीच्या भूमिकेतली बाई वाटे. 'मले' हा शब्द उच्चारताना वाचकाचा आवाज किंचित वाकतो, उंबऱ्यातून खाली मान घालून आत शिरावं तसा. माझ्या आईच्या तोंडचा 'मले' कधी वाकला नव्हता.

आता हे सगळं काल घडलं असं नाही. मराठीनं कथा कानानं ऐकण्याला फार काळ झाला. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी कथाकथनाला सभागृहात गर्दी जमवून दिली. माडगूळकर तर नोकरीलाच आकाशवाणीवर होते. ग्रामीण श्रोत्यांचे कार्यक्रम करता करता त्यांचा कान तयार झाला की कान तयार होता म्हणून ती नोकरी जमली, हा प्रश्न मी परीक्षेत विचारायला हवा होता. कथाकथन कॅसेटवर आणणाऱ्या अगदी पहिल्या लेखकांत व. पु. काळे. त्यांच्या कॅसेटी माझ्या एका सहकाऱ्याच्या गाडीत असायच्या. अकोला-अमरावती रस्ता तेव्हा असा होता की खड्डा आला की व. पुंची नायिका वाक्यासकट उडे. त्याच रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना हे ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला तेव्हा कॅसेटी राहिल्या नव्हत्या. स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी २०१७ च्या अखेरीस भारतात आली आणि मराठी पुस्तकं खिशात वाजू लागली. बरं, कल्पनाही नवी नाही. एडिसननं १८७७ साली फोनोग्राफ केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची जी यादी छापली तिच्यात, अंध माणसांसाठी बोलणारी पुस्तकं, हे अगदी वरच्या बाजूला आहे. म्हणजे माझी सोय माझ्या आजोबांच्या जन्माआधीच करून ठेवली होती. मलाच उशीर झाला.

तर, एकदा फोनवर मी ही इस्त्रीच्या आवाजांची तक्रार एका जुन्या विद्यार्थिनीजवळ केली. मुलगी दर्यापूरकडची, आता पुण्यात संगणकाच्या नोकरीत. ती म्हणाली, "सर, मी वाचून पाठवू?" आणि पंधरा दिवसांनी तिच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर उद्धव शेळके यायला लागले. आधी 'धग'चे तुकडे, मग कथा. पोरं झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून वाचायची. मागं पंख्याची घरघर, एकदा फ्रीजचा दरवाजा, एकदा झोपेतून उठलेलं मूल 'पानी' म्हणतं आणि 'धग'मधली कौतिक तिथल्या तिथं थांबते.

शेळके अमरावतीचे. इथं बसलेल्या जुन्या मंडळींनी त्यांना रस्त्यानं जाताना पाहिलं असेल. 'धग' १९६० ची. शिंप्याचं घर, कष्टानं ते ओढणारी कौतिक, तिचा नवरा महादेव, त्याला झालेला महारोग, आणि पोरगा नामा. ही कादंबरी मी वर्षानुवर्षं शिकवली आहे. तिच्यातली वऱ्हाडी संवादभाषा या विषयावर माझं दहा गुणांचं एक उत्तर होतं. ते विद्यार्थी पाठ करत आणि मी तपासत असे. आणि त्या पोरीच्या आवाजात पहिला संवाद ऐकला तेव्हा मी उठून बसलो. कारण ती कौतिक मी कधी ऐकलीच नव्हती.

नीट सांगतो. मी वऱ्हाडी. माझी आई मले-तुलेच बोलायची, शाळेला शाया म्हणायची, केळ्याला केयं. महाविद्यालयात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या एका वाक्यावर वर्ग हसला आणि मी ती बोली तोंडातून काढून टाकली. हे मला ठाऊक होतं. त्याचं थोडं दुःखही मी अधूनमधून करत असे, मास्तर लोक करतात तसं. पण ती डोक्यातूनही गेली होती हे ठाऊक नव्हतं. मनातल्या मनात वाचतानाही आत एक आवाज असतो. माझा आतला आवाज आकाशवाणीच्या बातम्यांचा होता. शेळक्यांनी लिहिलेला 'मले' माझा डोळा बरोबर वाचत होता आणि आतला निवेदक त्याचा उच्चार परक्यासारखा करत होता. वाक्याच्या शेवटाला आपल्याकडे आवाज जसा वर जाऊन लटकतो, तो हेल कागदावर लिहिताच येत नाही. त्याला चिन्ह नाही. शेळक्यांना तो हेल वाचकाच्या भरवशावर सोडावा लागला. आणि त्यांच्याच भागातला, त्यांच्यावर व्याख्यानं देणारा वाचक तो भरवसा ३४ वर्षं मोडत होता.

तेव्हापासून शेळके माझे आवडते लेखक. शिकवायचे म्हणून आवडायचे ते वेगळं. आता ते मला रात्री लागतात. कादंबऱ्या त्यांनी पुढं ढिगानं लिहिल्या आणि त्या ढिगाबद्दल आम्ही समीक्षकांनी नाकं मुरडली. मीही मुरडलं. पण कथेत ते हात राखून असतात, दोन माणसांना समोरासमोर बसवून स्वतः बाजूला होतात, आणि हे बाजूला होणं डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतं. निवेदकाचा आवाज थांबतो आणि खोलीत फक्त ती दोघं उरतात.

माझं व्याख्यान इथं संपलं असतं तर आयोजकांची सोय झाली असती. पत्रिकेवर विषयही 'कानानं सापडलेला कथाकार' असाच छापलाय आणि बहुतेकांनी तो शेळके आहे असं धरलं असणार. पण मला सापडलेला कथाकार दुसराच आहे. त्याच पोरीनं एके दिवशी निरोप पाठवला, "सर, आज घसा बसलाय. हे ऐका तोवर." सोबत एक जुनं ध्वनिमुद्रण. खरखर इतकी की पहिल्यांदा वाटलं, पाऊस पडतोय. मग त्या पावसातून एक म्हातारा आवाज आला, चढा, घोगरा, घाईचा. आणि त्यानं समोरच्यांना काहीतरी विचारलं, आणि शेकडो माणसांनी एकदम उत्तर दिलं.

गाडगेबाबा. मुंबईत वांद्र्याला, ८ नोव्हेंबर १९५६. त्यांचं शेवटचं कीर्तन म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्यानंतर ४२ दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर ते गेले. मधल्या ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले होते.

हसू येईल, पण मी ते कीर्तन आधी वाचलेलं होतं. छापील. श्रोत्यांची उत्तरं त्यात कंसात दिलेली असतात. वाचताना कंस आला की डोळा उडी मारतो, ही वाचकांची जुनी सवय. मीही उड्या मारत गेलो होतो आणि 'समाजप्रबोधन' असा शिक्का मारून ते पान मिटलं होतं. गाडगेबाबा म्हणजे खराटा, गाडगं, धर्मशाळा, विद्यापीठाचं नाव. साहित्याच्या पेपरात ते कुठं बसणार? ज्याला अक्षरओळख नाही तो साहित्यिक कसा?

आत्रे म्हणत की गाडगेबाबांना पाहायचं तर कीर्तनात पाहावं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचं चरित्र लिहिलं, आणि प्रबोधनकारांची लेखणी काही कमी ताकदीची नव्हे, तरी कीर्तनाचं चित्र शब्दांत काढणं आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं त्यांनी कबूल केलं. दोघांनाही डोळे होते. मला पाहण्याचा मोह नव्हता, त्यामुळे चिंध्या आणि डोक्यावरचं गाडगं मध्ये आलं नाही. मला नुसती गोष्ट ऐकू आली.

ती कशी बांधलेली असते ते सांगतो. बाबा 'एक होता' असं म्हणत नाहीत. ते विचारतात. आणि प्रश्न एवढाच मोठा असतो की कोणत्याही माणसाला त्याचं उत्तर येईल. देवळात अंधार आहे, देव दिसतो का? नाही. मग काय लागते? दिवा. दिवा विझला, आता दिसतो? नाही. मग मोठा कोण? इथं शेकडो माणसं एकदम म्हणतात, दिवा. आणि म्हणून झाल्यावर, अर्ध्या क्षणानं, त्यांना आपण काय म्हटलं ते कळतं. तो अर्धा क्षण ध्वनिमुद्रणात आहे. खरखर तेवढी ऐकू येते. छापील पानात तो नाही, असूच शकत नाही. मी ती जागा पंधरा सेकंद मागं जाऊन जाऊन किती वेळा ऐकली असेल ते सूनबाईला विचारा.

किंवा सत्यनारायण. पोथीतली कथा सगळ्यांना पाठ असते : प्रसाद घ्यायचा राहिला म्हणून बोट बुडाली, प्रसाद घेतला आणि बोट वर आली. बाबा त्या कथेशी भांडत नाहीत. ते ती खरी धरतात, आणि पुढं चालवतात. लढाईत एवढ्या बोटी समुद्रात बुडाल्या. सव्वा रुपयाच्या पूजेनं एक बोट वर येते, तर आपण सव्वा लाखाची करू. आणा एक बोट वर. एवढंच. पोथी खोटी आहे हे वाक्य त्यात नाही. कथा जिथं थांबायला हवी त्याच्या एक पाऊल आधी ते थांबतात आणि उरलेलं पाऊल समोरच्या माणसाला टाकायला लावतात. चेखॉव्हनं एका पत्रात लिहिलंय की प्रश्न सोडवणं हे लेखकाचं काम नाही, तो नीट मांडणं हे आहे. हे मी एम. ए.च्या वर्गाला दर वर्षी सांगायचो. आणि इथं, माझ्या घरापासून तासाभरावर वाढलेला एक परीट नेमकं तेच करत होता.

माझे एक मित्र आहेत, समीक्षक. त्यांचा आक्षेप असा की हा उपदेश आहे, कथा नव्हे; हेतू आधी ठरलेला आहे. आक्षेप खोटा नाही. त्या कीर्तनाचा काही भाग मलाही आज सपाट वाटतो. कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, बकरं कापू नका, पोराला शाळेत घाला, या ठिकाणी बाबा सरळ सांगतात आणि गोष्ट संपते. पण सांगणं आणि गोष्ट यांतला फरक त्यांच्या आवाजाला कळतो. सांगताना आवाज खाली येतो, थकलेला वाटतो, ८० वर्षांचा. गोष्टीत तो पुन्हा चढतो. माझ्या मते त्यांना स्वतःला गोष्टच जास्त आवडत होती.

आणि त्या 'शाळेत घाला'च्या मागंही एक कथा आहे, ती मात्र त्या कीर्तनात येत नाही. देबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, आपल्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं. बाप दारूनं गेला. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली, दापुऱ्याला. ते मूर्तिजापूर तालुक्यात, अकोला जिल्ह्यात. मामाकडे गुरं राखत, शेती करत पोर वाढलं. मामाचं शेत सावकाराच्या कागदात अडकलं. कागदावर काय लिहिलंय ते मामाला वाचता येत नव्हतं. शेत गेलं आणि त्या धक्क्यानं मामाही गेले. पुढं १ फेब्रुवारी १९०५ ला देबूजींनी घर सोडलं. लिहिलेल्या अक्षरानं ज्याचं घर लुटलं, तो माणूस सगळं आयुष्य पोरांना अक्षराकडे ढकलत राहिला आणि स्वतः मात्र बोलण्यावरच जगला. मी 'निरक्षर' हा शब्द वर्गात किती सहज वापरत असे!

गो. नी. दांडेकर आपल्या परतवाड्यात जन्मले, तरुणपणी गाडगेबाबांच्या संगतीत हिंडले. त्यांची 'पूर्णामायची लेकरं' वऱ्हाडीत आहे. मला पुरावा देता येणार नाही, पण गोनीदांच्या वाक्यात जो बोलण्याचा झपाटा आहे त्याचं एक टोक या कीर्तनांत असावं असा माझा कानाचा संशय आहे. संशय म्हणूनच घ्या.

ऐकण्याचाच धागा धरून आता थोडं उत्तरेला जाऊ. मोर्शी तालुक्यात रिद्धपूर. १२७८ च्या सुमाराला म्हाइंभट तिथं बसून महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करत होते. स्वामी निघून गेले होते. त्यांनी स्वतः लिहिलेलं काही नव्हतं. ज्यांनी ऐकलं त्यांचे कान तेवढे उरले होते. म्हाइंभट गावोगाव फिरले, ज्याच्यासमोर ती गोष्ट घडली त्याच्याकडून ती ऐकली, नागदेवाचार्यांना विचारून पक्की केली, आणि दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर तो फरकही नोंदवला. असं 'लीळाचरित्र' झालं. मराठीचा पहिला मोठा गद्यग्रंथ आपल्या जिल्ह्यात झाला हे आपण अभिमानानं सांगतो. तो ऐकीव आहे हे सांगत नाही. बोललेलं जसंच्या तसं धरायची एवढी धडपड, तीही यंत्र नसताना. पुढं धामधुमीत मूळ पोथी गेली, तेव्हा ज्यांना ती पाठ होती त्यांच्याकडून ती पुन्हा उभी केली. परंपरा हिराइसा या बाईचं नाव घेते. बाईच्या स्मरणात ग्रंथ सुरक्षित राहिला आणि कागदावरचा गेला.

चक्रधरांनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी वेगळे काढले, ११४. चार-सहा वाक्यांची गोष्ट. हत्ती आणि आंधळ्यांचीही गोष्ट त्यात आहे. हल्ली ती मला जरा घरची वाटते. हे दृष्टांत मी आयुष्यभर 'आद्य मराठी गद्य' म्हणून शिकवले. गाडगेबाबा ऐकल्यावर मी विद्यार्थिनीला ते वाचून पाठवायला सांगितले. ती म्हणाली, "सर, जुनी मराठी आहे, जमणार नाही." मी म्हटलं, वऱ्हाडीच्या चालीत वाच, हेल आपला ठेव. पाठवलं तिनं. आता हे शास्त्र नव्हे आणि भाषाशास्त्राची मंडळी मला धरतील, पण ती वाक्यं त्या चालीत बसली. सातशे वर्षांचं अंतर मधल्या मध्ये पातळ झालं. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. तिथल्या मंडळींना माझी एक विनंती आहे : पहिली मोठी खरेदी पुस्तकांच्या कपाटांची न करता ध्वनिमुद्रकांची करा. प्रत्येक तालुक्यात एक म्हातारी अशी आहे की जिला शंभर गोष्टी येतात आणि सही येत नाही. तिला ऐकायला बसा. ती वाट पाहून राहिली आहे असंही नाही. ती सांगतेच आहे, नातवाला, कोंबड्यांना, कोणी असेल त्याला.

कानात बोंडं घालून एकट्यानं ऐकण्याबद्दल मात्र माझं एक भांडण आहे. पायरीवरच्या हमालांना 'असं काहून केलं?' असं विचारता येत होतं आणि भाऊ थांबत होते. मोबाइल थांबत नाही. बाबांच्या कीर्तनात तर श्रोते नसतील तर गोष्टच होत नाही. अर्धी वाक्यं त्यांची आहेत. त्या ध्वनिमुद्रणातल्या शेकडो माणसांतल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही, पण त्या कथेचे सहलेखक ते आहेत. मग मी, सत्तरीतला मास्तर, अकोल्याच्या घरात खुर्चीत बसून ऐकतो तो त्या गोष्टीचा कोण?

याचं उत्तर मला मिळालं नाही. पण एक प्रसंग घडला तो सांगतो आणि बसतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी डोळे दाखवायला इकडे येत होतो. भुसावळहून बडनेऱ्याला येणारी मेमू. मी खिडकीशी, कानात बाबा. तारेची बोंडं, बिनतारी दोनदा हरवून झाली आहेत. बोरगावला एक बाई सीताफळांची डाली घेऊन चढली आणि माझ्यासमोर टेकली. काटेपूर्णा गेलं असेल-नसेल. मी त्या दिव्याच्या जागेला आलो, आणि बाबांनी विचारलं, मोठा कोण, आणि मी भर डब्यात मोठ्यानं म्हणालो, "दिवा!"

डबा वळून पाहू लागला. भाऊंची पेन्सिल मला स्पष्ट ऐकू आली.

बाई म्हणाली, "कोनाशी बोलून रायले, बावाजी?"

मी काय सांगणार? एक बोंड काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते पदराला पुसलं, कानात घातलं. मी सत्यनारायणाची जागा लावली. तार आखूड, त्यामुळे आम्ही दोघं डालीवरून पुढं वाकून बसलो. पहिल्या दोन प्रश्नांना ती गप्प होती. तिसऱ्याला तिचे ओठ हलले. चौथ्याला तिनं उत्तर दिलं, वांद्र्याच्या माणसांच्या बरोबरीनं, त्यांच्या किंचित आधीच.

"आपल्याकडलाच दिसते हा," ती म्हणाली. "कोन्या गावचा?"

"दापुऱ्याचा."

"मंग जवयचाच हाये."

बाबा बोटीपाशी आले. बोट बुडाली, लढाईतल्या बुडाल्या, सव्वा लाखाची पूजा निघाली, आणि मूर्तिजापूर आलं. तिनं घाईनं बोंड काढून माझ्या मांडीवर टाकलं, डाली डोक्यावर घेतली आणि उतरली. मेमू फार थांबत नाही. गाडी हलली तशी ती खिडकीच्या बाजूनं दोन पावलं चालत आली आणि ओरडून म्हणाली,

"मंग? आली का बोट वर?"